बारावीनंतर इंटरनॅशनल स्टडीज घ्यायचं म्हणतेय लेक, जाणकारांनी सांगा

कळव्याची_आई

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लेकीची बारावी झाली, आर्ट्स, ७८ टक्के. दहावीपर्यंत मराठी मीडियम. आम्हाला वाटलेलं बीए करेल मग बीएड नाहीतर बँकेच्या परीक्षा, पण आता तिने धरून ठेवलंय की इंटरनॅशनल स्टडीजच करायचं. घरात कोणालाच माहीत नाही हे नक्की काय असतं. हिचे बाबा म्हणतात परदेशात जायचं खूळ आहे, जाऊबाईंना वाटलं विमानात नोकरी लागते तो कोर्स.

मला ते खूळ वाटत नाही त्याला कारण आहे. ती नववीत होती तेव्हा युक्रेनचं युद्ध सुरू झालं. एका रात्री मी पोळ्या लाटत होते आणि ही ओट्याला टेकून वहीत रेघा आखत होती, मला वाटलं गणित चाललंय, जवळ जाऊन बघितलं तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत ठरावावर कोणी कसं मत दिलं त्याचा तक्ता. १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ, आणि भारताच्या नावाखाली लाल पेनाने दोन रेघा. मला विचारते, आई आपण तटस्थ का राहिलो? मी काय सांगणार. नंतर तिनेच शोधलं, आपली शस्त्रं कुठून येतात, आपली मेडिकलची मुलं तिथे अडकलेली त्यांना बाहेर कसं काढायचं होतं, सगळं लिहून काढलं. ती वही अजून कपाटात आहे.

तिने सोनीपत आणि पुण्याच्या खासगी युनिव्हर्सिट्या काढल्यात, फी वर्षाला लाखांत. आमचं स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र आहे, ह्यांची वागळे इस्टेटला नोकरी. कर्ज काढलं तर निघेल, पण काढावं का? इथेच राहून साधं बीए केलं तर ह्या विषयात पुढे जाता येतं का? आणि हे शिकून मुलं पोटापाण्याला करतात काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरूर लिहा.

घोडबंदर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या भाचीने हेच केलं. आवडीने केलं, मार्क चांगले पडले, घरच्यांनी कर्ज काढलं. पदवी हातात आली आणि प्रत्येक इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न, म्हणजे तुम्ही नक्की शिकलात काय? इंजिनिअरला, सीएला हा प्रश्न कोणी विचारत नाही. शेवटी तिने एमबीए केलं, म्हणजे दुसरं कर्ज, आणि आता ती जे काम करतेय त्यात पहिल्या पदवीचा संबंध नाही. मुलगी हुशार आहे ते दिसतंय, पण हप्ता दर महिन्याला येतो हो. बीकॉम करू दे, आवड म्हणून जगाच्या बातम्या आयुष्यभर वाचता येतात.

कोपरी_पूर्व

वाचतेय. माझा मुलगा अकरावीत आहे, त्याचंही हेच चाललंय.

निवृत्त_मास्तर

कळव्याच्या ताई, नवी मुंबईत चौतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हा विषय काय ते सांगतो कारण घरात सगळा घोळ तिथेच झालाय. दोन देश एकमेकांशी असे का वागतात हा त्याचा गाभा. त्यासाठी इतिहास लागतो, थोडं अर्थशास्त्र लागतं, कायदा लागतो, भूगोल तर लागतोच लागतो, आणि एखादी भाषा. १६४८ चा वेस्टफालियाचा तह, सत्तासंतुलन, पहिलं महायुद्ध, राष्ट्रसंघ का कोसळला, १९४५ ला संयुक्त राष्ट्रसंघ कसा झाला, नकाराधिकार पाचच देशांना का, १९५५ ची बांडुंग परिषद, अलिप्ततावाद, पंचशील, सिंधू पाणीवाटप करार, सिमला करार. जोडीला वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद असे विचारप्रवाह. आपल्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या बीएत आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतातच, फक्त पदवीवर नाव राज्यशास्त्राचं असतं.

आता एक उदाहरण देतो, तुमच्या घराजवळचंच. कळव्याचा खाडीपूल ओलांडून ठाण्यात येताना सेंट्रल जेल लागतं ना, तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. का घेतला? साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, परत मिळवायला पोर्तुगीजांचं आरमार येतंय अशी खबर मुंबईकर इंग्रजांना लागली, म्हणजे दुसऱ्याने घ्यायच्या आत आपण घ्या. पुढे मार्च १७७५ मध्ये राघोबादादाने सुरतेला तह करून साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली, बदल्यात फौज मागितली. पण मुंबईकरांनी हा तह कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला न विचारता केला होता, आणि १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याचा शब्द वरचा. कलकत्त्याने तह मोडीत काढला आणि आपला माणूस पाठवून १७७६ ला नाना फडणीस आणि सखारामबापूंशी पुरंदरला वेगळाच तह केला. कंपनी एकच, तह दोन, आणि दोन्ही तहांत साष्टी इंग्रजांकडेच. १७८२ ला सालबाईला वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच.

मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा मुलांना विचारायचो, नानांनी पुरंदरला साष्टी का सोडली असेल? तिसऱ्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. समोर राघोबा मोकळा फिरतोय, तिजोरी आटलीय, पेशवा दोन वर्षांचा. अशा वेळी तुम्ही काय सोडाल आणि काय धराल? ह्या प्रश्नाचं उत्तर पुरावे देऊन चार पानांत लिहिता येणं म्हणजे ही पदवी. घोडबंदरकरांच्या भाचीला नीट शिकवलं गेलं असतं तर इंटरव्ह्यूत तिने हेच सांगितलं असतं, दोष तिचा नाही.

कर्जाबद्दल माझं मत, पदवीला कर्ज नको. ७८ टक्क्यांत माटुंग्याला किंवा ठाण्यात राज्यशास्त्र मिळून जाईल. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय घेता येतो, इतिहास किंवा अर्थशास्त्र घ्या. खरा अभ्यास एमएला. जेएनयूची स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ ला वेगळी संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० ला जेएनयूत आली, देशात ह्या विषयाची ती सगळ्यात जुनी शाळा. तिथे एमएला प्रवेश परीक्षेने जाता येतं, फी सरकारी.

ऐरोली_नाईटशिफ्ट

मास्तरांना +१, पण घोडबंदर दादांचं दुखणंही खरं आहे म्हणून मी दोन्ही बाजूंनी लिहिते, मी ही पदवी केलेली आहे, बाहेरच्या राज्यात, खासगीत, कर्ज काढून.

आधी वाईट. माहितीपुस्तकात प्लेसमेंटचा जो आकडा होता त्यात एमबीएची मुलं मोजलेली होती, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. परदेशात एक सेमिस्टर असं लिहिलं होतं, ते होतं, पण त्याचा खर्च वेगळा. नाव लिहीत नाही. ताई, तुम्ही जिथे चौकशी कराल तिथे फक्त एवढं विचारा की ह्याच कोर्सची गेल्या वर्षीची मुलं आत्ता कुठे आहेत, आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोलायला द्या म्हणावं. जे कॉलेज बोलायला देतं ते बघा.

आता कामाचं. मी ऐरोलीला एका बँकेच्या बॅक ऑफिसात सँक्शन स्क्रीनिंग करते. म्हणजे बँकेतून जगभर पैसे जातात येतात त्यातलं प्रत्येक नाव, कंपनी, जहाज हे निर्बंधांच्या याद्यांशी ताडून बघितलं जातं, सुरक्षा परिषदेची यादी, अमेरिकेची, युरोपियन युनियनची. नाव जुळलं की सिस्टीम थांबते आणि माणसाने बघायचं, हा तोच की नावाचा दुसरा. अरबी नाव इंग्रजीत सहा प्रकारे लिहितात, रशियन नावात वडिलांचं नाव मधे येतं, हे माहीत नसेल तर रात्रभर चुकीचे अलर्ट उघडत बसाल.

एकदा एका जहाजावर अलर्ट आला. नाव अगदी साधं, यादीत नाही. झेंडा पनामाचा, त्यात काही विशेष नाही, जगातली कितीतरी जहाजं पनामा, लायबेरिया, मार्शल बेटांच्या झेंड्याखाली चालतात. पण प्रत्येक जहाजाला सात आकडी आयएमओ नंबर असतो, तो जहाज बांधल्यापासून मोडीत जाईपर्यंत बदलत नाही, नाव बदला रंग बदला मालक बदला, नंबर तोच. तो टाकून बघितला तर दोन वर्षांपूर्वी तेच जहाज दुसऱ्या नावाने यादीत. मग ते यादीत का गेलं, कुठलं तेल कुठून कुठे नेत होतं, हे मी तिथल्या तिथे तीन ओळींत लिहू शकले कारण तिसऱ्या वर्षाला मी निर्बंधांवरच प्रोजेक्ट केलं होतं. माझ्या टीममध्ये बीकॉम, बीएमएस सगळे आहेत आणि हुशार आहेत, त्यांना यादी पाठ आहे, पण ती यादी बनली का हे मला माहीत असतं आणि त्यामुळे अवघड केसेस माझ्याकडे येतात. पगाराचं इथे लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगेन.

म्हणून घोडबंदर दादा, संबंध असतो, पण तो आपल्याला जोडावा लागतो. पदवीच्या जोडीला एक भाषा आणि एखादा हातात धरता येईल असा धागा हवा, व्यापार म्हणा, निर्बंध, समुद्र, पाणी, निर्वासित, काहीही एक. नुसतं मला जगाच्या राजकारणात इंटरेस्ट आहे ह्याच्यावर नोकरी मिळत नाही.

बारावी_झाली

नमस्कार. मी कळव्याच्या आईची मुलगी. आईने धागा काढलाय हे मला आत्ता कळलं, तिने फोन माझ्या हातात देऊन वाच म्हणाली. सर तुमचं ठाण्याच्या किल्ल्याचं मी दोनदा वाचलं, मी रोज त्या भिंतीला लागून क्लासला जायचे आणि मला हे माहीत नव्हतं, खूप वाईट वाटलं आणि छान पण वाटलं.

मला परदेशात जायचं म्हणून हे करायचं नाहीये. मला खरंच ते तटस्थचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. मी जेवढं वाचते तेवढं त्यात अजून काहीतरी निघतं, सोव्हिएत युनियन, १९७१ चा मैत्री करार, काश्मीरवर त्यांनी आपल्यासाठी वापरलेला व्हेटो, मग आता चीन आणि रशिया जवळ आलेत तर आपलं काय. मला हे नीट कोणाकडून तरी शिकायचंय.

भीती एकच आहे, इंग्रजी. मला वाचता येतं पण हळू येतं. एक लेख वाचायला दोन तास लागतात आणि शेवटी सुरुवात विसरलेली असते. कॉलेजात सगळे इंग्लिश मीडियमचे असतील तर मी टिकेन का हे मला माहीत नाही. आईबाबांचे पैसे घालवून मागे राहायचं नाहीये.

निवृत्त_मास्तर

बाळ, ह्या प्रश्नासाठीच मी अजून इथे आहे. तुझ्यासारखी शेकडो मुलं हाताखालून गेली, उरण, पनवेल, कळंबोली, दिघा, सगळी मराठी मीडियमची. लेखांपासून सुरुवात करू नकोस, लेख पंडितांनी पंडितांसाठी लिहिलेले असतात. मूळ कागद वाच. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद घे, १११ कलमं आहेत, भाषा कायद्याची पण वाक्यं स्वच्छ. रोज तीन कलमं, मोठ्याने वाचायची, मग वहीत मराठीत दोन ओळीत लिहायचं की हे कलम कोणाला काय करू देतं आणि कोणाला काय करू देत नाही. सव्वा महिन्यात सनद संपते. कलम २ च्या चौथ्या आणि सातव्या पोटकलमाला घाई करू नकोस, अर्धा विषय तिथे आहे. ५१ ला पोचलीस की इथे लिही.

आणि शब्द पाठ करू नकोस, त्यांची जोडी लाव. सॉव्हरिन्टी म्हणजे सार्वभौमत्व, अब्स्टेन म्हणजे तटस्थ राहणं, रॅटिफाय म्हणजे नुसती सही नाही तर घरच्या संसदेने किंवा सरकारने पक्कं करणं. दोन्ही भाषांत विचार करणारा विद्यार्थी परीक्षेत हळू लिहितो, पण गोंधळ कमी करतो, हे मी पेपर तपासताना पाहिलेलं आहे.

नेरुळ_ते_हेग

मी सध्या नेदरलँड्समध्ये हेगला आहे, लायडन विद्यापीठाचं इंटरनॅशनल स्टडीजचं बीए इथे हेगच्या कॅम्पसला चालतं, इंग्रजीतून, तीन वर्षांचं. पहिल्या वर्षीच जगाचा एक प्रदेश निवडायचा आणि त्या प्रदेशाची भाषा, मी मध्यपूर्व आणि अरबी घेतलं. राजकारण, अर्थकारण, इतिहास, संस्कृती चारही बाजूंनी तो एकच प्रदेश. मला ही रचना खूप आवडली आणि म्हणून लिहितोय, ही रचना तुला घरी बसून पण करता येते, एक प्रदेश एक भाषा तीन वर्षं सोडायची नाही.

इथे यायचं ठरवलंच कोणी तर काही गोष्टी. युरोपबाहेरच्या मुलांना फी कितीतरी पट जास्त. पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट पूर्ण झाले नाहीत तर तो कोर्स सोडावा लागतो, दुसरी संधी नाही. खोली मिळणं ही वेगळीच परीक्षा, मी पहिले दोन महिने तासभर लांबच्या गावातून ट्रेनने यायचो. आणि बोर्ड बघा, सीबीएसई आणि आपलं राज्य बोर्ड सगळीकडे एका तराजूत मोजत नाहीत, ठाण्यातल्या एका एजंटने माझ्या मित्राला काही अडचण नाही म्हणून पैसे घेतले आणि नंतर विद्यापीठाने आधी भारतात एक वर्ष करून या म्हणून सांगितलं. एजंटकडे न जाता सरळ ॲडमिशन ऑफिसला मेल टाकायचा, ते उत्तर देतात.

चांगलं काय ते पण लिहितो. आंतरराष्ट्रीय न्यायालय सायकलवर पंधरा मिनिटं. ते ज्या पीस पॅलेसमध्ये बसतं ती इमारत १९१३ ची. सुनावणी असली की लोकांना आत बसता येतं, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन देशांचे वकील तीन तास एका वाक्यातल्या एका शब्दावर बोलत होते आणि कोणाचाही आवाज चढला नाही. मला तेव्हा कळलं की मला हे आयुष्यभर ऐकायचंय. पण सुनावण्या वेबसाइटवर थेट दाखवतात, कळव्यातूनही बघता येतात. कर्ज काढून बीएला इकडे यायची गरज नाही असंच मी माझ्या बहिणीला सांगितलंय. एमएला स्कॉलरशिप मिळवून ये, तेव्हा मजा वेगळी.

यूपीएससी_तिसरा_अटेम्प्ट

फॉरेन सर्व्हिसबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. परराष्ट्र सेवेत जायला ह्या विषयाची पदवी लागत नाही, कुठलीही पदवी चालते, परीक्षा तीच. पण राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा ऑप्शनल आहे, दोन पेपर २५० चे, आणि जनरल स्टडीजच्या दुसऱ्या पेपरातही परराष्ट्र संबंध येतात, म्हणजे ज्याने बीएला हे मन लावून केलं त्याचा बराच पाया तयार असतो. मात्र फक्त ह्याच एका परीक्षेवर नजर ठेवून पदवी निवडू नकोस बहिणी. मी इंजिनिअर आहे, नोकरी सोडून बसलोय, जागा किती कमी असतात ते रोज अनुभवतोय. हातात दुसरं काहीतरी असू दे.

द्रोणागिरी

मी उरणचा. तीस वर्षं न्हावा शेवा बंदरात माल सोडवायचं, क्लिअरिंगचं काम करतो, कस्टम ब्रोकर. शिक्षण एसवाय पर्यंत. ह्या धाग्यावर लिहावं की नाही विचार करत होतो पण ऐरोलीवाल्या ताईंनी आयएमओ नंबर लिहिला आणि राहवलं नाही.

हे सगळं तुम्ही जे शिकता ते आमच्याकडे कागदावर येतं. २०२३ च्या शेवटी येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा नाशिकच्या द्राक्षांचा सीझन तोंडावर होता. द्राक्षं जातात रॉटरडॅमला, सुएझमधून. शिपिंग लाइनवाल्यांनी सांगितलं आम्ही आता आफ्रिकेला वळसा घालून जाणार, केप ऑफ गुड होपवरून, म्हणजे दहा ते चौदा दिवस जास्त. द्राक्ष चौदा दिवस जास्त थांबतं का? भाडं वाढलं, रिकामे रीफर म्हणजे थंड कंटेनर वेळेवर परत येईनात, आणि शेतकरी मला फोन करून विचारतो की भाऊ हे हुथी कोण, ते आपल्या मालावर का उठलेत. मला उत्तर देता आलं नाही. मी टीव्हीवर बघून काहीतरी सांगितलं. त्या दिवशी माझ्या ऑफिसात तुमच्या मुलीसारखं एखादं पोर असतं तर बरं झालं असतं.

कांद्याचं तसंच. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के ड्युटी, ८ डिसेंबरला बंदीच, गेटवर आलेले कंटेनर परत. मे २०२४ ला बंदी उठली. आपण लासलगावचा भाव बघतो, पण बांगलादेशात, श्रीलंकेत कांदा महागतो आणि तिथलं गिऱ्हाईक पाकिस्तानकडे, चीनकडे वळतं, एकदा वळलं की परत आणायला दोन सीझन जातात. हा परराष्ट्र संबंधच झाला ना.

आणि हापूस. वाशीला पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे. अमेरिकेला जाणारा प्रत्येक आंबा तशा केंद्रातून जातो, त्यांच्या अटीप्रमाणे किरणांचा ४०० ग्रेचा डोस, कोयीत किडा राहू नये म्हणून, आणि त्यांचा इन्स्पेक्टर समोर उभा असल्याशिवाय माल निघत नाही. अमेरिकेने आपला आंबा २००७ ला घ्यायला सुरुवात केली, त्याच्या आधी कितीतरी वर्षं बंद होता, आणि तो सुरू झाला ते भारत-अमेरिका अणुकराराची बोलणी चालू होती त्या काळात. कोरोनात इन्स्पेक्टर येऊ शकला नाही तर २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं आंबा गेला नाही, २०२२ ला परत गेला. आंबा तोच, झाड तेच, फक्त एक माणूस विमानात बसू शकला नाही. युरोपने २०१४ च्या मे महिन्यात फळमाशी सापडली म्हणून आपला आंबा बंद केला, पुढच्या जानेवारीत उठवलं. हे सगळं कुठल्या कराराखाली चालतं, कोण कोणाला अडवू शकतं, हे माहीत असलेली माणसं आमच्या धंद्यात फार कमी आहेत. फॉर्म भरणारे भरपूर आहेत.

पोरी, तू शिक. कळव्याहून ठाण्याला आलीस की ट्रान्स हार्बरने वाशी काय लांब आहे.

घोडबंदर

द्रोणागिरी साहेब, तुमची पोस्ट भाचीला पाठवली. तिने विचारलंय की तुमच्या लाइनमध्ये असं काम कुठे मिळतं. व्यनि करतो. ताई, माझं कर्जाबद्दलचं म्हणणं मी मागे घेत नाही, पण बीकॉमच करा हे घेतो मागे.

ऐरोली_नाईटशिफ्ट

दादा, भाचीला माझा पण व्यनि द्या. आमच्याकडे ट्रेड कॉम्प्लायन्सला लोक लागतात, निदान इंटरव्ह्यूपर्यंत नेते मी तिला.

कळव्याची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, ॲडमिशनची धावपळ होती. काय झालं ते सांगते.

धागा मी प्रिंट काढून आणला आणि हिच्या बाबांना रविवारी वाचायला दिला. त्यांनी आख्खा वाचला, द्राक्षाच्या पानावर थांबले आणि म्हणाले की आमच्या कंपनीतसुद्धा त्या वेळी जर्मनीचा पार्ट दोन महिने उशिरा आला होता, साहेब नुसते ओरडत होते आणि कोणाला कारण माहीत नव्हतं. संध्याकाळी आम्ही तिघं खाडीपुलावरून चालत जेलच्या भिंतीपर्यंत गेलो. हिने बाबांना सुरत, पुरंदर, सालबाई सगळं सांगितलं. चणेवाल्याने पण थांबून ऐकलं.

सोनीपत रद्द. माटुंग्याला ॲडमिशन झालं, मेजर राज्यशास्त्र, मायनर इतिहास. कळव्याहून स्लो गाडी, एकच गाडी, बदलायची नाही. कर्ज काढलेलं नाही. भाषेचं दोन दिवस घरात चाललं होतं, जर्मन की फ्रेंच, नोकऱ्या कशाला जास्त, आणि तिसऱ्या दिवशी ही म्हणाली रशियन. म्हटलं का ग? म्हणाली माझा प्रश्न तिथला आहे, त्यांच्याच भाषेत वाचते. कालिन्याला विद्यापीठाच्या रशियन विभागात चौकशी करून आलोय. ३३ अक्षरं आहेत, तिने आत्ताच गिरवायला घेतलीत, काही आपल्या ओळखीची इंग्रजी अक्षरं आहेत पण उच्चार वेगळा, पी लिहायचा आणि र म्हणायचा.

मास्तर, तुम्हाला निरोप आहे. काल सतरावा दिवस होता, कलम ५१ ला पोचली. मी पोळ्या लाटत होते आणि ही मोठ्याने वाचत होती, स्वसंरक्षणाचा हक्क, सशस्त्र हल्ला झाला तर, आणि सुरक्षा परिषद पावलं उचलेपर्यंत. मग वाचता वाचता थांबली आणि म्हणाली आई ह्यात हल्ला झाल्यावर असं लिहिलंय, होणार आहे असं वाटलं तर काय करायचं ते नाही लिहिलं. ते वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय, तुम्हालाच विचारणार आहे.

द्रोणागिरी दादा, एक विनंती आहे. पुढच्या हंगामात तिला ते वाशीचं आंब्याचं केंद्र बाहेरून तरी बघायला मिळेल का?

निवृत्त_मास्तर

तिला सांगा, ह्या एका प्रश्नावर जगभरचे कायदेपंडित सनद झाल्यापासून भांडतायत आणि अजून एकमत नाही. कॅरोलाइन नावाच्या जहाजाचं १८३७ चं प्रकरण शोधून वाच म्हणावं, अमेरिका आणि ब्रिटनमधलं. मग बोलू. रविवारी सकाळी मी वाशीच्या मिनी सीशोअरला फिरायला असतो.

द्रोणागिरी

ताई, बाहेरून कशाला, आत बघायची परवानगी मिळते का ते मी विचारतो, ओळखीचे निर्यातदार आहेत. मार्चअखेरीला माल यायला लागतो, तेव्हा मला पंधरा दिवस आधी निरोप टाका. आधार कार्ड आणि कॉलेजचं आयडी लागेल, आणि पायात बंद बूट घालून यायला सांगा, चपलेवर आत सोडत नाहीत.